हळुवार विज्ञान-कादंबऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"अवकाशयानातल्या माणसांची कादंबरी वाचली आणि मन निवलं," असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग प्रश्न विचारतो. विज्ञानकथा म्हणजे परग्रहवासीयांचा हल्ला, बिथरलेली यंत्रं, ओस पडलेली शहरं हे समीकरण इतकं पक्कं आहे की त्यात 'निवणं' बसत नाही. तेच ते प्रश्न अनेकदा आल्यामुळे उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. कथानकं फोडायचं टाळलंय. एका प्रश्नात थोडं फुटतं, तिथे आधी सांगितलं आहे.

हळुवार विज्ञान-कादंबरी म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत तिला 'कोझी' म्हणतात. हा शब्द रहस्यकथांकडून उसना आणलेला. तिथे 'कोझी' म्हणजे खून पडद्याआड होतो, रक्त दिसत नाही आणि शोध घेणारी व्यक्ती बहुधा शेजारपाजारचीच असते. विज्ञानकथेत आल्यावर त्याचा अर्थ थोडा बदलला. इथे विश्व वाचवायची जबाबदारी कुणावर नसते. कुणाचं तरी काम चालू असतं, कुठे तरी जायचं असतं, आणि सोबतच्या माणसांशी (किंवा माणसं नसलेल्यांशी) जुळवून घ्यायचं असतं.

बेकी चेंबर्स यांची 'द लाँग वे टू अ स्मॉल, अँग्री प्लॅनेट' हे नेहमीचं उदाहरण. अवकाशात प्रवासासाठी बोगदे पाडून देणारं एक यान. त्यावर कारकून म्हणून एक तरुणी रुजू होते. यानाला एक लांबचं कंत्राट मिळतं आणि सगळे निघतात. रस्त्याच्या कामावर निघालेल्या टोळीची गोष्ट असावी तशी ही गोष्ट, फक्त रस्ता ताऱ्यांमधला. या पुस्तकाचा स्वतःचा प्रवासही मजेदार आहे. लेखिकेने २०१२ साली वाचकांकडून वर्गणी जमवली, २०१४ साली ते स्वतःच छापलं, २०१५ साली मोठ्या प्रकाशकाने उचललं, आणि २०१९ साली 'वेफेअरर्स' या अख्ख्या मालिकेला ह्यूगो हा विज्ञानकथांचा नामांकित पुरस्कार मिळाला.

व्याख्या म्हणून मी एवढंच सांगेन: ज्या कादंबरीत देखभाल हीच गोष्ट असते, ती हळुवार. यानाची देखभाल, आजाऱ्याची, बागेची, नात्याची. इतर कादंबऱ्यांत हे सगळं दोन प्रसंगांच्या मधल्या ओळीत उरकलं जातं. इथे त्याला प्रकरणं मिळतात.

यात काहीच घडत नाही म्हणतात. मग पानं उलटायची कशासाठी?

घडतं. फक्त कुणी कुणाला हरवत नाही.

संघर्षाशिवाय गोष्ट नाही, हे आपल्याला शाळेपासून शिकवलं जातं, त्यामुळे संघर्ष दिसला नाही की गोष्टच नाही असं वाटतं. पूर्व आशियात गोष्ट रचायची एक चार पायऱ्यांची जुनी पद्धत आहे, जपानीत तिला 'किशोतेनकेत्सु' म्हणतात: ओळख, विस्तार, वळण, जुळणी. तिसऱ्या पायरीवर अनपेक्षित काही तरी येतं आणि चौथीवर आधीचं सगळं नव्या उजेडात दिसतं. यात खलनायक लागत नाही. कुतूहल लागतं.

अमेरिकन विज्ञानकथा-लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी १९८६ साली एक छोटा निबंध लिहिला होता, 'द कॅरिअर बॅग थिअरी ऑफ फिक्शन'. माणसाचं पहिलं अवजार भाला नसून काही तरी भरून आणायची पिशवी असावी, हा विचार त्यांनी एलिझाबेथ फिशर यांच्याकडून घेतला आणि तो कथेला लावला. भाल्याची गोष्ट सरळ जाते, सूं करून, आणि कुणाला तरी लागते. पिशवीच्या गोष्टीत वस्तू एकमेकींना खेटून असतात. आपल्याकडे यासाठी आयता शब्द आहे, बटवा. बटव्यात काय निघेल हे पाहण्यासाठी हात घालावासा वाटतो ना? पानं त्याच ओढीने उलटली जातात. नवा ग्रह कसा असेल, त्या परग्रहवासीयाला नमस्कार कसा करायचा, स्वयंपाक्याने त्या दिवशी कुणाशीच का बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

दिलासाच हवा असेल तर एखादी घरगुती कादंबरी वाचा की. त्यासाठी अवकाशयान कशाला?

मला सर्वांत आवडणारा प्रश्न हा, म्हणून उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

जमिनीवरच्या घरात हवा फुकट असते. तिची आठवण कुणी ठेवत नाही. यानात हवा कुणीतरी तयार करावी लागते. एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, आणि तो सोडतो तो कार्बन डायऑक्साइड काढून टाकला नाही तर तो स्वतःच्याच श्वासाने मरेल. पाण्याचंही तेच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि लघवी गोळा करून पुन्हा पिण्याचं पाणी केलं जातं. २०२३ साली नासाने जाहीर केलं की ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचं उद्दिष्ट तिथे गाठलं गेलं. म्हणजे काल एकाचा घाम तो आज दुसऱ्याचा चहा. तिथल्या माणसांचा बराच वेळ गाळण्या बदलण्यात, पंप तपासण्यात, पुसपास करण्यात जातो.

आता हे कादंबरीत घाला. ज्या ठिकाणी प्रत्येक श्वास कुणाच्या तरी कामातून येतो, तिथे शेवाळाच्या टाक्या सांभाळणारा तिरसट माणूससुद्धा उपरा राहत नाही. तो आवडत नसला तरी सगळे त्याच्यावर तगलेले असतात, आणि हे त्यालाही माहीत असतं. परस्परावलंबन ही गोष्ट घरगुती कादंबरीत भाषणातून सांगावी लागते. यानात ती नळातून वाहते.

दुसरं कारण अंतराचं. आपल्या रोजच्या जगातली दुःखं कादंबरीत जशीच्या तशी आली की आपलीच बिलं, आपलेच रुग्णालयातले कॉरिडॉर आठवतात. तीच दुःखं सहा हातांच्या, मिशाळ, मंद हालचालीच्या एखाद्या प्राण्याला झाली की आपण ती टाळत नाही, उलट नीट बघतो. मुलांच्या गोष्टींत ससे आणि कासवं का असतात, त्याचं कारणही हेच असावं.

तिसरं, मानलेली नाती. इंग्रजीत ज्याला 'फाउंड फॅमिली' म्हणतात त्याला आपण फार आधीपासून मानलेला भाऊ, मानलेली मावशी म्हणत आलो. यान हे अशा नात्यांचं नैसर्गिक घर. दार उघडून निघून जायची सोय नाही, रक्ताचं कुणी जवळ नाही, आणि जेवणाचं टेबल एकच.

यात विज्ञान असतं का, की नुसतं नेपथ्य?

दोन्ही प्रकार आहेत. प्रकाशापेक्षा जास्त वेग, सोयीस्कर गुरुत्वाकर्षण, भाषांतर करणारी यंत्रं यांबाबत बहुतेक लेखक बिनधास्त असतात. भौतिकशास्त्राची शिकवणी हवी असेल तर निराशा होईल. पण जीवशास्त्र आणि परिसरविज्ञान यांत ही पुस्तकं कधी कधी 'कठोर' म्हणवणाऱ्यांपेक्षा जास्त मेहनत घेतात. चेंबर्स यांचीच 'टू बी टॉट, इफ फॉर्च्युनेट' (२०१९) पाहा. चार अवकाशवीर दूरच्या ग्रहांवर जातात, आणि ग्रह बदलण्याऐवजी स्वतःची शरीरं त्या ग्रहांना साजेशी करून घेतात. जास्त गुरुत्वाकर्षण असेल तर स्नायू वाढवायचे, उजेड कमी असेल तर त्वचा चमकवायची. 'आपण पाहुणे आहोत' ही भूमिका तंत्रज्ञानातून मांडलेली मी दुसरीकडे इतकी नीट पाहिली नाही. छोटीशी आहे, एका बैठकीत होते.

सगळं गोडगोडच असतं का? मरण, युद्ध, हे येतच नाही?

(इथे थोडं कथानक फुटतं.)

येतं, आणि बरंच येतं. 'वेफेअरर्स'मधला डॉक्टर-स्वयंपाकी ज्या जमातीचा आहे, ती युद्धात स्वतःला संपवत आली आहे, आणि त्याची अपत्यंही त्यात गेली आहेत. मालिकेतलं तिसरं पुस्तक, 'रेकॉर्ड ऑफ अ स्पेसबॉर्न फ्यू' (२०१८), सुरूच होतं ते माणसांनी भरलेलं एक प्रचंड यान फुटण्याने. त्यातली माझी आवडती व्यक्तिरेखा मृतांचं काम करते. तिच्या यानांच्या ताफ्यात जाळण्या-पुरण्याची सोय नाही, काहीच वाया घालवणं परवडत नाही, म्हणून मृतदेहांचं खत होतं आणि ते बागांना जातं. लोक तिला आदराने वागवतात, पण तिच्याशी साध्या गप्पा मारायला बिचकतात. मरण इतक्या जवळून, इतक्या शांतपणे पाहणारं पुस्तक 'गोडगोड' म्हणवत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितलेत. शांत हा नववा मागाहून आला, आणि अभिनवगुप्ताने तर तोच सगळ्या रसांचा मूळ आधार मानला. दुःख नसणं म्हणजे शांतरस असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. करुण ओलांडून त्याच्यापर्यंत जाता येतं. या कादंबऱ्यांना मी मनातल्या मनात शांतरसाच्या विज्ञानकथा म्हणते. 'कोझी' या शब्दात पांघरूण आहे, हे खरं, पण पांघरूण थंडी असते म्हणूनच लागतं.

हा पळपुटेपणा नाही का?

काही वेळा आहे. दमलेला माणूस तासभर पळून गेला तर मला त्यात गुन्हा दिसत नाही.

पण आरोप गंभीर आहे, तर त्याची खरी वंशावळ बघू. १९७३ साली ब्रिटिश लेखक ब्रायन ऑल्डिस यांनी विज्ञानकथेचा इतिहास लिहिताना त्यांच्या आधीच्या पिढीतल्या जॉन विंडम यांच्या सर्वनाशाच्या कादंबऱ्यांना 'कोझी कॅटॅस्ट्रॉफी' असं कुत्सित नाव दिलं. जग बुडतंय, कोट्यवधी मरतायत, आणि नायक मात्र फुकटच्या आलिशान खोलीत, हव्या त्या गाडीत, मजेत. सगळ्यांनी तो शिक्का विंडम यांच्याबाबत मान्य केलेला नाही, पण टोमणा झकास आहे. ही खरी पळवाट: इतरांच्या नाशावर आपली ऊब.

आजच्या चांगल्या हळुवार कादंबऱ्या बरोबर उलट करतात. चेंबर्स यांच्या 'अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट'मध्ये (२०२१, पुढच्या वर्षी ह्यूगो) जगाची मोडतोड आधीच झाली होती, आणि लोकांनी ती निस्तरली आहे. कारखाने थांबले, यंत्रमानव रानात निघून गेले, आणि एकुलत्या एका खंडाचा अर्धा भाग माणसांनी निसर्गाला सोडून दिला. ही कल्पना हवेतली नाही. जीवशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांनी २०१६ साली 'हाफ-अर्थ'मध्ये हाच प्रस्ताव पृथ्वीसाठी मांडला होता: जैवविविधता टिकवायची तर निम्मं जग राखून ठेवा. विल्सन यांनी आकडे दिले. कादंबरी काय देते? अशा जगात मंगळवारी सकाळी उठल्यावर कसं वाटतं, ते. आणि गंमत म्हणजे मुख्य व्यक्तिरेखा तिथेही असमाधानी आहे. सगळं मिळालंय, काम आवडतं आहे, तरी आतून थकवा जात नाही. पळवाट असती तर ही अडचण लेखिकेने घातलीच नसती.

सर्वनाशाची कादंबरी वाचून आपण जागरूक झालो असं वाटतं, पण बऱ्याचदा फक्त भेदरतो. हे माझं मत. वाद घालायला हरकत नाही.

होपपंक, सोलरपंक, कोझी: हे सगळं एकच का?

नाही, पण शेजारी आहेत. 'होपपंक' हा शब्द लेखक अलेक्झांड्रा रोलंड यांनी २०१७ साली 'ग्रिमडार्क'च्या, म्हणजे काळ्याकुट्ट कथांच्या, विरुद्ध टोकाला म्हणून काढला. त्यात आशा ही लढायची गोष्ट असते, दात-ओठ खाऊन. 'सोलरपंक'मध्ये ऊर्जा, झाडं, शहररचना यांचं भविष्य येतं; तो जगाचा प्रकार आहे, मनःस्थितीचा नव्हे. 'कोझी'मध्ये पाहायचं ते एवढंच, की पुस्तक वाचकाशी कसं वागतं. एकाच पुस्तकावर तिन्ही चिठ्ठ्या चिकटू शकतात. चिठ्ठ्यांवर फार वेळ घालवू नये.

म्हणजे गेल्या दहा वर्षांतलं फॅड?

नाव नवं, माल जुना. क्लिफर्ड सिमॅक यांची 'वे स्टेशन' १९६३ ची. तिला पुढच्या वर्षी ह्यूगो मिळाला. अमेरिकेच्या यादवी युद्धातून परतलेला एक सैनिक आडगावातलं आपलं घर ताऱ्यांमधल्या प्रवाशांचं विश्रांतिस्थान म्हणून चालवतो. घरात असेपर्यंत त्याचं वय वाढत नाही. शंभर वर्षं तो टपाल आणतो, रोजनिशी लिहितो आणि परग्रहवासीयांना कॉफी करून देतो. शीतयुद्धाची धग पुस्तकभर जाणवते, पण मन राहतं ते त्या स्वयंपाकघरात.

त्याच काळात उत्तर आयर्लंडमधले जेम्स व्हाइट 'सेक्टर जनरल' ही कथामालिका लिहीत होते. अवकाशातलं ३८४ मजल्यांचं रुग्णालय, प्रत्येक जमातीच्या शरीररचनेला चार अक्षरांचं सांकेतिक नाव (माणूस: डीबीडीजी), आणि प्रत्येक गोष्टीत एकच पेच, या रुग्णाला झालंय काय? पहिली गोष्ट १९५७ ची. शत्रू मारण्याऐवजी रुग्ण वाचवणं हीच थरारकथा होऊ शकते हे त्यांनी चार दशकं दाखवलं. जुन्या लिखाणातल्या स्त्री-परिचारिकांबद्दलचा सूर आज खटकतो, हे मात्र आधी सांगून ठेवलेलं बरं.

जपानमध्ये तर या वृत्तीला स्वतंत्र नाव आहे, 'इयाशिकेई', म्हणजे मनाची जखम भरणारं. अभ्यासक त्याच्या लाटेचा संबंध १९९५ सालातल्या कोबेच्या भूकंपाशी आणि तोक्योच्या भुयारी रेल्वेतल्या सारिन हल्ल्याशी जोडतात. हितोशी आशिनानो यांची 'योकोहामा काइदाशी किको' ही चित्रमालिका १९९४ ते २००६ चालली. समुद्र चढलाय, रस्ते पाण्यात गेलेत, माणसं कमी होत चाललीत, आणि आल्फा नावाची यंत्रमानव मुलगी मालक परत येईल म्हणून कॉफीचं दुकान उघडं ठेवते. गिऱ्हाईक क्वचित. जगाची संध्याकाळ इतक्या मायेने रंगवलेली मी दुसरी पाहिली नाही.

'मर्डरबॉट'मध्ये गोळीबार आहे. तरी तिला लोक दिलासा देणारं पुस्तक का म्हणतात?

कारण मार्था वेल्स यांच्या 'मर्डरबॉट' मालिकेतल्या पहिल्या पुस्तकातला, 'ऑल सिस्टम्स रेड'मधला (२०१७), तो सुरक्षा-यंत्रमानव स्वतःवरचं नियंत्रण तोडतो आणि मुक्त झाल्यावर काय करतो? मालिका बघतो. हजारो तास. माणसांच्या डोळ्यांत बघायला त्याला आवडत नाही, मिठ्या तर नकोच, आणि त्याची माणसं हळूहळू शिकतात की याच्यावर प्रेम करायचं तर थोडं लांब उभं राहून करायचं. ज्याला गर्दीत घुसमटतं त्याला हे वाचून काय वाटत असेल, हे सांगायला नको. २०२५ साली त्यावर दूरचित्रमालिकाही आली. म्हणजे मालिका बघणाऱ्याची मालिका.

गोळ्यांवरून हळुवारपणा ठरत नाही, पुस्तक दुबळ्याची थट्टा करतं की नाही यावरून ठरतो.

प्रत्येक पुस्तकात चहा किंवा कॉफी का असते?

खरंय, अतिरेक झालाय. पण कारण समजण्यासारखं आहे. कप पुढे करणं ही सर्वांत लहान देखभाल. 'साम'मधली व्यक्तिरेखा तर चहा-भिक्षूच आहे: सायकलला जोडलेली गाडी घेऊन गावोगाव जायचं, लोकांचं गाऱ्हाणं ऐकायचं, त्यानुसार चहा द्यायचा. तोशिकाझू कावागुची यांच्या 'बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड'मध्ये (मूळ जपानी २०१५) कालप्रवासच कॉफीच्या कपाने होतो. अट अशी की भूतकाळात काहीही केलं तरी वर्तमान बदलणार नाही. तरी लोक जातात. एक राहिलेलं वाक्य बोलायला. कालप्रवासाच्या बऱ्याच कथा 'इतिहास बदलेल' या भीतीवर चालतात, इथे बदलणार नाही हेच मोकळं करतं.

आणि वास्तवातही फार वेगळं नाही. २००८ साली अवकाश स्थानकावर अवकाशवीर डॉन पेटिट यांनी प्लॅस्टिकचा कागद दुमडून एक कप बनवला. वजनरहित अवस्थेत द्रव कपात राहत नाही, म्हणून तिथे पिशवीतून नळीने पितात. पेटिट यांच्या कपाला एक टोकदार कड होती, तिच्यातून पृष्ठताणामुळे कॉफी आपोआप ओठांपर्यंत चढायची. पिशवीने तहान भागतच होती. तरीही त्यांना कप हवा होता. २०१५ साली इटालियन अवकाशवीर सामंथा क्रिस्तोफोरेत्ती यांनी तिथे पहिला एस्प्रेसो प्यायला.

मी एकच पुस्तक चौथ्यांदा वाचतेय. काही बिघडलंय का?

काही नाही. क्रिस्टल रसेल आणि सिडनी लेव्ही या ग्राहक-वर्तनाच्या अभ्यासकांनी २०१२ साली पुन्हा वाचणं, पुन्हा चित्रपट पाहणं, पुन्हा त्याच जागी जाणं यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. लोक नुसत्या सवयीने परत जात नाहीत. पुस्तक तेच असतं, आपण बदललेलो असतो, आणि तो फरक मोजायला परत जातो, असा त्याचा एक धागा होता.

माझा अनुभव: 'लाँग वे'च्या पहिल्या वाचनात मला कारकून मुलगी आवडली होती. अलीकडच्या वाचनात मी त्या तिरसट शेवाळवाल्याची बाजू घेत होते. वय झालं असावं.

मराठीत वाचताना काय वेगळं होईल?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण मला तो छळतो. 'साम'मधला यंत्रमानव मॉसकॅप स्वतःला इंग्रजीतलं 'इट' म्हणवून घेतो, आणि ठासून सांगतो की मी वस्तू आहे, त्यात कमीपणा कसला? इंग्रजीत 'इट' म्हणजे निर्जीव, म्हणून वाचक दचकतो. मराठीत काय होईल? "मॉसकॅप म्हणालं." झालं! आपलं नपुंसकलिंग निर्जीव नाहीच मुळी. मूल रडतं, वासरू हंबरतं, पिल्लू झोपतं. इंग्रजीत ज्या शब्दाने यंत्रमानव वस्तू होतो, त्याच्या मराठी जोडीदाराने तो लेकरू होतो. मूळ धक्का जाईल, पण जे येईल ते मला तितकंच बरोबर वाटतं.

त्याच पुस्तकातली चहा-भिक्षू व्यक्तिरेखा, डेक्स, ना पुरुष, ना स्त्री. तिथे मात्र मराठी क्रियापदं आपल्याला पकडतात, 'गेला' की 'गेली' हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. आदरार्थी 'गेले' वापरावं तर भिक्षूला शोभतं खरं, पण त्या अवघडलेल्या, रागीट, तरुण जिवाचं एकदम महाराज होतात. यावर मला उत्तर सापडलेलं नाही.

वाईट हळुवार कादंबरी कशी ओळखायची?

भरपूर आहेत, आणि बाजार वाढल्यावर आणखी येणार. काही खुणा:

सगळी पात्रं समुपदेशकासारखी बोलतात. भांडण सुरू होतं आणि दीड पानात दोघं एकमेकांच्या भावनांची पोच देऊन मोकळी होतात. खरी माणसं आधी दार आपटतात.

कामाचा तपशील खोटा असतो. पावाचं दुकान आहे पण पहाटे कुणी उठत नाही, यान आहे पण कधी काही तुंबत नाही. देखभालीशिवायची ऊब म्हणजे नुसतं चित्र.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. 'आपण सगळे छान' या वर्तुळाबाहेर कोण आहे ते पाहा. बाहेरचे सगळे दुष्ट किंवा मूर्ख असतील, तर पुस्तक हळुवार नसून स्वतःवर खूश आहे.

सुरुवात कुठून करू?

वेळ कमी असेल, दमला असाल: 'अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट'. दीडशे पानांच्या आसपास आहे.

माणसांचा गोतावळा आवडत असेल तर 'लाँग वे'. पहिली पन्नास पानं नावं आणि जमाती यांची गर्दी होते, तेवढी सोसा. 'वेफेअरर्स'ची चारही पुस्तकं सुटी वाचता येतात. चौथ्यात तर महत्त्वाच्या पात्रांत माणूसच नाही, वाहतूक बंद पडल्यामुळे एका थांब्यावर अडकलेले परग्रहवासी आहेत.

विनोद हवा असेल तर 'मर्डरबॉट'. जुनी चव चालत असेल तर 'वे स्टेशन'. शब्द नकोसे झाले असतील तर आशिनानोंची चित्रं.

शाळकरी मुलांना देता येतील का?

'हळुवार' म्हणजे 'बालसाहित्य' नव्हे. अनेक पुस्तकांत शारीरिक संबंधांचे उल्लेख, शिव्या, युद्धाच्या आठवणी असतात. आधी स्वतः वाचा.

वाचायचा प्रयत्न केला, कंटाळा आला. माझं चुकतंय का?

नाही. ठेवून द्या. या पुस्तकांची वेळ यावी लागते, आणि बहुधा ती तापातून उठल्यावर किंवा लांबच्या प्रवासात येते.

मला अशी कादंबरी लिहायची आहे. एखादी सूचना?

भावनेपासून सुरुवात करू नका. एखादं काम निवडा, ज्यातली कटकट तुम्हाला स्वतःला माहीत आहे: पाण्याची टाकी धुणं, आजारी माणसाची कूस बदलणं, हिशेब जुळवणं. ते काम दुसऱ्या ग्रहावर न्या. तिथे गुरुत्वाकर्षण निम्मं असेल तर अंग कसं पुसायचं? रात्र चौदा दिवसांची असेल तर पाळ्या कशा लावायच्या? रुग्णाला पाठच नसेल तर कूस कुठली? ही उत्तरं शोधताना दोन पात्रं आपोआप एकमेकांशी बोलू लागतील, आणि त्यातलं एक नक्की म्हणेल की तुम्ही ते चुकीच्या बाजूने धरलंय.

त्यांना भांडू द्या. घाईने मिटवू नका.